बुश नवे, आवाज जुनाच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ची स्विफ्ट डिझेल, एक लाख तीस हजार किलोमीटर झालेली. एप्रिलमध्ये पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश बदलले. मे महिन्यात, पावसाळ्याआधी गाडीला खालून ऑइल मारून घेतलं. दिवाळीच्या सुमारास ब्रेक मारताना ‘टक्’ असा आवाज पुन्हा सुरू झाला. मेस्त (मेकॅनिक) म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला, आता पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बुश घाला नाहीतर अख्खे आर्म बदला. तुम्ही डिचोलीला, नोकरी पणजीत, रोजचं जाणं-येणं. काय करावं?

अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, ‘खालून ऑइल’ या दोन शब्दांत. उरलेलं अर्धं तुम्ही लिहिलेलं नाही, कारण तुम्ही ते पाहिलंच नसणार. शेवटचे बोल्ट आवळले तेव्हा गाडी जमिनीवर होती की चाकं हवेत लोंबत होती?

हे मी का विचारतो ते कळायला बुश हातात घेऊन बघावा लागतो. बाहेर लोखंडी नळी, आत त्याहून लहान नळी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं. कारखान्यात तापवून ते दोन्ही नळ्यांना चिकटवून टाकलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसते. आतली नळी बोल्ट आवळला की सबफ्रेमच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन पाखांमध्ये चिमटली जाते आणि जागच्या जागी थांबते. म्हणजे चाक खाली-वर होतं तेव्हा या बुशात काहीही घसरत नाही, काहीही फिरत नाही. फक्त रबर पिळलं जातं आणि सुटतं, पुन्हा पिळलं जातं आणि सुटतं. दाराच्या बिजागरीसारखं हे काम नव्हे. बिजागरी फिरते, म्हणून तिला तेल लागतं. बुश म्हणजे पिळाची स्प्रिंग. तिला तेलाचा उपयोग शून्य, नुकसान मात्र पुरेपूर.

आता चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला तर काय होतं बघा. लहान गाडीचा आर्म धरू या ३५ सेंटीमीटरचा. गाडी जॅकवर घेतली की चाक साधारण ९ सेंटीमीटर खाली लोंबतं. म्हणजे आर्म जवळपास १५ अंशांनी खाली झुकला. त्या स्थितीत तुम्ही आतली नळी चिमटून टाकलीत. गाडी खाली सोडली की आर्म वर येतो आणि रबर १५ अंश पिळून बसतं. गाडी अंगणात उभी आहे, तुम्ही घरात जेवताय, तरी तो पीळ तसाच. वर रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला त्यात आणखी भर. ज्या रबराने मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळायचं, ते एकाच बाजूला दुप्पट पिळलं जातं. असा बुश सहा-आठ महिन्यांत फाटतो, मग तो कंपनीच्या डब्यातून आलेला असो की कुठूनही.

ही चूक मी स्वतः केली आहे. फोंड्याला नवी शेड घातली तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे बुश मी पाठोपाठ दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा दुकानदाराशी मालावरून भांडलो. तिसऱ्यांदा काढलेला बुश संध्याकाळी पुसून उजेडात धरला, तेव्हा दिसलं की रबर आतल्या नळीभोवती गोल फाटलं होतं, सुरीने कापल्यासारखं, आणि फक्त एकाच दिशेने. दुकानदाराचा काही संबंध नव्हता. पुढे त्याच्याकडे जायला काही दिवस लाज वाटत होती.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: या खेपेला बुश काढाल तेव्हा जुने बुश मागून घ्या. गॅरेजच्या डब्यात जाऊ देऊ नका. ते कसे मेले ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. आतल्या नळीभोवती गोल फाटलेलं रबर म्हणजे पीळ, म्हणजे हवेत आवळलेले बोल्ट. रबर फुगून बाहेर आलेलं, नख रुतावं इतकं मऊ आणि हाताला काळं लागणारं असेल तर तेल. बाहेरची नळी एका बाजूने चेपलेली किंवा काठाला हातोड्याचे वळ असतील तर तो प्रेसवर न घालता ठोकून बसवला. आणि रबर घट्ट, कोरडं, वरून बारीक भेगाळलेलं पण आतून धड, तर ते निव्वळ वय. अशा वरवरच्या भेगा पाहून कुणी बुश बदलायला सांगितलं तर घाई करू नका. भेग खोल जाऊन रबर नळीपासून सुटायला लागलं की मग बदला.

वयावरून आठवलं. आमच्याकडे तारवटींच्या गाड्या येतात. मालक आठ-नऊ महिने बोटीवर, गाडी घराच्या मागे माडाखाली. पंधरा वर्षांत तीस हजार किलोमीटर, आणि बुश वाळलेल्या खोबऱ्यासारखे. मालकाला पटत नाही, म्हणतो, गाडी चाललीच कुठे? रबर नुसते किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं.

तेलाचं पुढे. पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची आपल्याकडची पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागे कारणही आहे. चार महिने तांबडा चिखल, किनाऱ्याकडे खारी हवा, पत्रा आतून खाऊन जातो. पण फवारणारा पोरगा पत्रा आणि रबर असा भेद करत नाही. बुशाचं रबर बहुधा नैसर्गिक असतं, आणि खनिज तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, नळीवरची पकड सोडतं. नव्या बुशावर महिन्याभरात हा अभिषेक झाला असेल तर तुमच्या मेस्ताला आणि दुकानदाराला दोष देण्याआधी थांबा. पत्र्यासाठी चांगलं अंडरकोटिंग करून घ्या आणि त्या वेळी बुश, बॉल जॉइंटचे (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) रबरी बूट, ब्रेकचे होज झाकायला सांगा. तेलाची आणखी दोन ठिकाणं तपासा: ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला नेणाऱ्या दांड्याचा, बूट फाटला असेल तर त्यातलं ग्रीस गरगर फिरत आजूबाजूला उडतं आणि आर्मवर बसतं. आणि इंजिनाला खालून गळती असेल तर तिचा थेंब हमखास आर्मच्या मागच्या बुशाच्या आसपास पडतो. हे दोन्ही दुरुस्त केल्याशिवाय नवा बुश घालू नका.

हे सगळं झालं, पण तो आवाज मुळात बुशाचाच आहे का, याची खात्री मला नाही. तुम्हालाही नसावी. ब्रेकवर ‘टक्’ असा एकच आवाज, आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकच, हे लक्षण लोअर आर्मच्या मागच्या बुशाला जुळतं खरं. या आर्मचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा. पुढचा बुश मुख्यतः चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही, मागचा पुढे-मागे. ब्रेकचा सगळा धक्का मागच्यावर. पण हाच आवाज ब्रेक पॅडही काढतात. पॅड बदलताना क्लिपा परत घातल्या नसतील तर दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला पॅड सरकतो आणि टक् होतं. चाक काढून क्लिपा आहेत का ते बघायला पाच मिनिटं लागतात. आधी ते करा.

मग घरच्या घरी एक तपासणी. सपाट जागेत एकाला गाडीत बसवा, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. त्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडून गाडी जरा ताणायची, मग रिव्हर्समध्ये तसंच. तुम्ही बाजूला उभे राहून, गाडीच्या वाटेत नव्हे, चाक आणि मडगार्डची कड यांमधलं अंतर बघायचं. चाक कमानीत थोडं हलणारच. पण एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा उघड जास्त पुढे-मागे जात असेल आणि त्याच क्षणी टक् होत असेल, तर चोर सापडला. गॅरेजमध्ये गाडी वर घेऊन आर्म आणि सबफ्रेम यांमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवली की फाटलेलं रबर तोंड उघडतं. टॉमी जपून. जोर लावून चांगला बुशही हलवून दाखवता येतो, आणि काही ठिकाणी तसा दाखवतातही.

गतिरोधकावर, खड्ड्यांवर खडखड येत असेल तर मात्र संशय आधी स्टॅबिलायझरच्या (गाडीला वळणावर कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर घ्या. चोडणच्या फेरीबोटीत गाडी चढवताना, ओहोटी असली की रॅम्पची धार चांगलीच टोचते आणि खाली खड-खड होतं, तो बहुतेक वेळा लिंक रॉडच. बुशाच्या नावाने बदललेल्या कितीतरी आर्मचा खरा गुन्हेगार हा काहीशे रुपयांचा रॉड असतो. ओळखायची युक्ती सोपी: दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून बांधून ठेवा आणि गाडी हळू, जवळच्या जवळ फिरवून आणा. आवाज गेला तर रॉड. गाडी वळणावर जास्त कलेल, म्हणून हा प्रयोग गल्लीतच. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला असता ती अडकून झटका देत सुटत असेल, तर वरचा स्ट्रट माउंट (शॉकअब्सॉर्बरची वरची बैठक) बघा.

एक गंमत पावसाळ्याची. कोरड्या रबराची जी कुरकुर उन्हाळ्यात ऐकू येते ती पहिल्या पावसाबरोबर बंद होते, कारण पाणीच वंगणाचं काम करतं. मालक खूश होतो. तुळशीच्या लग्नापर्यंत रस्ते सुकतात आणि कुरकुर परत. तुमचा आवाज ‘टक्’ आहे, कुरकुर नाही, म्हणून तो पावसाने लपला असं मी म्हणणार नाही.

आता बुश बदलायचेच ठरले तर काम कसं व्हावं. काम मेस्ताकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा.

सुरुवात टेपने. गाडी सपाट जमिनीवर असताना, अजून काहीही न सोडता, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ३७ सेंटीमीटर आलं. दोन्ही बाजूंचं कागदावर लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागतो.

गाडी वर घेतली की लोखंडी स्टँडवर, फक्त जॅकवर नाही. आणि चिऱ्यांवर तर मुळीच नाही. आपल्याकडे चिरा हाताशी असतो, लोक सवयीने तो चाकाखाली सारतात. चिऱ्याने घर उभं राहतं, कारण तिथे भार सगळीकडे पसरतो. गाडीच्या एका टोकदार कोपऱ्याखाली तो काही न सांगता फुटतो. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी, नाहीतर पावसाने भिजलेल्या जमिनीत जॅक रुततो.

बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या खाचेतून जातो. न काढता खाली ठोकत बसलात तर खाच आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन्ही खराब. आर्म सुटला की नकल बाहेरच्या बाजूला ओढू नका. ड्राइव्ह शाफ्ट आतल्या बाजूने निसटतो आणि एका कामाची दोन होतात. सबफ्रेमचे बोल्ट किनारपट्टीच्या गाड्यांत बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. बोल्ट फिरतोय असं वाटतं, पण खरं तर आतली नळी रबरासकट फिरत असते. आदल्या दिवशी संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, तोही बोल्टच्या टोकाला, रबरावर नाही. बोल्ट सुटला नाही तर कापावा लागेल. नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले बरे.

आर्म टेबलावर आला की जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा खुणेने टिपून घ्या. मागच्या बुशाच्या रबरात बहुधा दोन पोकळ्या असतात. त्या पोकळ्या ज्या दिशेला, त्या दिशेला बुश मऊ, आडव्या दिशेला कडक. गाडी घडवणाऱ्याने ते हिशेबाने ठरवलेलं असतं. नव्वद अंश फिरवून बसवला तरी बुश आत जातो, बोल्टही लागतो, आणि गाडी ब्रेकवर विचित्र वागायला लागते. आर्मवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, नव्या बुशावर त्याच जागी दुसरा.

काढणं आणि बसवणं प्रेसवर. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, कुठेही लेथवाल्याकडे प्रेस असतो, आर्म काढून नेला तर अर्ध्या तासाचं काम. जोर बाहेरच्या नळीच्या काठावर यायला हवा, त्याच मापाच्या पाइपच्या तुकड्याने किंवा सॉकेटने. आतल्या नळीवर दाब दिला की रबर बसण्याआधीच सुटतं. काही जण जुनं रबर गॅसवर जाळून काढतात. त्या धुराने डोळे चुरचुरतात आणि आर्मचा रंग उडून तिथूनच गंज धरतो. हट्टी नळी हॅक्सॉ ब्लेडने आतून एका रेषेत कापावी, आर्मचं भोक न ओरबाडता. नंतर भोक एमरी पेपरने साफ करायचं आणि साबणाच्या पाण्याचा हात फिरवून नवा बुश आत घ्यायचा. ग्रीस नको, इंजिन ऑइल नको. नवा बुश हाताने सहज आत जात असेल तर थांबा. आधीच्या ठोकाठोकीत भोक मोठं झालेलं आहे, तो आर्म गेला.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. आर्म जागेवर घ्या, सगळे बोल्ट हाताने आणि वर थोडे पान्याने, म्हणजे लटकणार नाहीत पण आतली नळी फिरू शकेल इतके. चाकं लावा, गाडी खाली उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, थोडी पुढे-मागे ढकला. मग गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चार खांबी रॅम्पवर, जिथे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते तिथे नेऊन, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला, टॉर्क रेंचने आवळा. दोन खांबी लिफ्टवर हे जमत नाही, त्यावर चाकं लोंबतात. अशी सोय नसेल तर तो कागद काढा. स्टँडवरच्या गाडीला बॉल जॉइंटजवळ आर्मखाली लाकूड ठेवून दुसऱ्या जॅकने उचला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर ३७ सेंटीमीटर झालं की आर्म त्याच्या रोजच्या जागी आला. तेव्हा आवळा. काही गाड्यांत मागच्या बुशाचा बोल्ट उभा असतो, त्याला हा पीळ तितका लागत नाही. आडव्या बोल्टच्या बुशाला मात्र ही पायरी चुकली तर बाकीचं सगळं बरोबर करूनही तुम्ही पुढच्या चतुर्थीला पुन्हा शेडमध्ये.

मेस्ताला हे सांगायचं कसं, हाही एक प्रश्न असतो. ‘भाई, बोल्ट खाली उतरवून आवळूया, वेळ लागला तरी चालेल’ एवढं म्हणा. बहुतेकांना ही गोष्ट माहीत असते. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात, दारात आठ गाड्या उभ्या असताना, ती करायला सवड नसते. काम गर्दीच्या दिवसांत देऊ नका.

पीयू की आर्म? पीयू मी तुम्हाला सुचवणार नाही. ते रबरापेक्षा बरंच कडक. शोर या कडकपणाच्या मापात साधं बुशाचं रबर साधारण ५५ ते ६५, पीयू ८० ते ९५. ते नळीला चिकटवलेलं नसतं, नळी त्याच्या आत फिरते, म्हणून त्याला त्याचं खास सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते धुतलं गेलं की चिंव चिंव सुरू. तांबड्या चिखलात ते फार दिवस टिकत नाही. शर्यतीच्या गाडीला ठीक. डिचोली-पणजी रोजच्या रपेटीला रस्त्याचा प्रत्येक खडा स्टिअरिंगमध्ये कशाला हवा?

अख्खा आर्म घ्यायचा का, हे बॉल जॉइंटवर ठरवा. चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलवा आणि त्याच वेळी कुणाला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. खेळ असेल किंवा त्याचा बूट फाटून आत चिखल गेला असेल, तर बुशावर मजुरी घालण्यात अर्थ नाही, पूर्ण आर्म घ्या. तो जॉइंट आणि बुशांसकट येतो, प्रेसचं कामही वाचतं. एक लाख तीस हजारावर मूळचाच जॉइंट असेल तर माझा कल आर्मकडेच. जॉइंट घट्ट असेल तर चांगल्या कंपनीचे बुश पुरेत. दोन्ही बाजू एकदमच करा. आणि हे लक्षात ठेवा: नवा आर्मसुद्धा हवेत आवळला तर त्याचे बुश तसेच फाटतात. डिझेल इंजिन पुढे पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे तुमच्या गाडीत हे जरा लवकरच दिसतं.

मागच्या बाजूचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून दोन वाक्यांत. स्विफ्टला मागे आडव्या बीमला दोन मोठे बुश असतात. ते गेले की गाडी वळणावर मागून पोहल्यासारखी वाटते, आणि तेही गाडी तिच्या उंचीवर असतानाच आवळायचे.

काम झाल्यावर अलाइनमेंट लगेच करून घ्या, आठवड्याने नाही. आर्म सुटला की टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि आतल्या बाजूने टायर किती पटकन खातो ते चोर्ला घाटातून दोनदा बेळगावला जाऊन आलात की कळेल. जुन्या टायरच्या आतल्या काठावरून हात फिरवून बघा. एकाच बाजूला दात लागले असतील तर आधीचा बुश कधीपासून गेलेला होता याचाही अंदाज येईल. ५०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा बोल्टांना टॉर्क रेंच लावून बघा, गाडी जमिनीवर ठेवूनच. आणि जुन्या बुशाचा उजेडात काढलेला फोटो मिळाला तर पाठवा. फाटल्याची रेघ गोल आहे की रबर फुगलेलं आहे, ते बघून नक्की सांगतो.